पैसे मोजून घेतलेली गाणी चोरीची कशी, मंत्रीसाहेब?

प्रति,
माननीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,
सविनय नमस्कार.

कॉपीराइटचा कायदा आपल्या खात्याकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला. मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिवणकाम करतो. गेल्या महिन्यात आमच्या बाजारपेठेतल्या एका मोबाइलच्या दुकानावर पोलिसांची धाड पडली. सोबत एका म्युझिक कंपनीची माणसं होती. मेमरी कार्डात गाणी भरून देतात, अशी तक्रार होती म्हणे. कॉम्प्युटर, पेन ड्राइव्ह, कार्डं, हाताला लागेल ते उचललं. त्यात माझी हार्ड डिस्क आणि पिशवीभर कॅसेटही गेल्या. दुकानातल्या पोराला रात्रभर कोठडीत बसवलं.

मी ठाण्यात गेलो. कॅसेट माझ्या आहेत, विकत घेतलेल्या आहेत, घरी ऐकायला म्हणून डिस्कवर घ्यायला दिल्या होत्या, असं हात जोडून सांगितलं. उत्तर मिळालं, "साहेब दौऱ्यावर आहेत. आठ दिवसांत सोडून देतो, काळजी करू नका." मी शब्दावर विश्वास ठेवला. आठ दिवसांनी साहेब बंदोबस्ताला होते. त्यानंतर म्हणाले, मुद्देमाल सील झाला, आता आमच्या हातात काही नाही. शेवटी वकील गाठला, तेव्हा कळलं की कॉपीराइट कायद्याच्या कलम 64 प्रमाणे जप्त झालेल्या प्रती परत मागायच्या तर जप्तीपासून 15 दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा असतो. ते दिवस निघून गेले होते. ज्यांनी मला थांबा म्हणून सांगितलं, त्यांना हे कलम माहीत नव्हतं का? माहीत नसेल तर वॉरंटशिवाय जप्ती करण्याचा अधिकार त्यांच्या हातात दिलाच कशाला? आणि माहीत असूनही मला थांबवून ठेवलं असेल, तर याला काय म्हणायचं ते आपणच सांगा.

त्या पिशवीत काय होतं तेही आपल्याला कळू द्या. मशीनवर बसलं की दिवसाचे दहा-बारा तास तिथंच जातात. कानावर गाणं असलं की हात चालतो. 1988 च्या सुमारापासून मी कॅसेट घेत आलो. भजनं, भारुडं, भीमगीतं, नाट्यगीतं, जुनी हिंदी गाणी. तीनशेच्या पुढेच असतील. एक कॅसेट पंचवीस-तीस रुपयांना पडायची, म्हणजे सात-आठ हजार रुपये तरी मी या कंपन्यांना मोजले आहेत. शर्टाच्या शिलाईतून हे पैसे वेगळे काढताना घरात किती बोलणी खाल्ली, ते माझं मला माहीत.

आता त्या कॅसेटी मरायला लागल्या आहेत. फितीला बुरशी चढते, आतला स्पंजचा तुकडा निखळतो आणि आवाज दबतो. टेप दुरुस्त करणारं गावात कोणी उरलं नाही. त्या पोराने मात्र एक जुना डेक जपून ठेवला होता. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसायचा, फीत एकदा पुढे, एकदा मागे फिरवून मोकळी करायचा, मग डेकची वायर कॉम्प्युटरला जोडायचा. यात घाई चालत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, आणि एक बाजू संपली की उठून ती पालटावी लागते. कॅसेटमागे तीस रुपये घ्यायचा. हे काम करणाऱ्याला चोर म्हणायचं? नव्या सिनेमाची गाणी भरून विकत असेल, तर त्याची बाजू मी घेत नाही, ते कोर्ट बघेल. पण माझ्या कॅसेटी माझ्याच डिस्कवर उतरवण्यात चोरी कुठे आली?

त्यातली एक कॅसेट तर बाजारातली नव्हतीच. आमच्या आबांनी गावच्या हरिनाम सप्ताहात म्हटलेलं नाथांचं भारूड मी कोऱ्या कॅसेटवर भरून ठेवलं होतं. आबा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा आवाज तेवढाच उरला आहे. मध्येच त्यांना ठसका लागतो, टाळकरी हसतात, आणि आबा पुन्हा वरच्या सुरात उचलतात. फीत झिजत चालली म्हणून सगळ्यात आधी तीच कॅसेट डिस्कवर घ्यायला सांगितली होती. एकनाथ महाराजांनी 1599 मध्ये पैठणला देह ठेवला. त्यांच्या शब्दांवर आज कोणत्या कंपनीचा हक्क आहे? आवाज माझ्या वडिलांचा, रेकॉर्डिंग माझं. तरी पंचनाम्यात लिहिलं आहे, "पायरेटेड गाणी असलेली हार्ड डिस्क, नग एक." ती ओळ वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. माझ्या बापाचा आवाज पायरेटेड कधीपासून झाला, साहेब?

1957 च्या या कायद्याचं कलम 52 मी वकिलाकडून समजून घेतलं. खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेला रास्त वापर हा भंग नाही, असं त्यात लिहिलं आहे. 2012 च्या दुरुस्तीने ही सूट गाण्यांनाही लागू झाली. त्यातच स्पष्टीकरण जोडलं की अशा कामासाठी एखादी कलाकृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं हाही भंग नाही. म्हणजे संसदेने माझ्या बाजूने लिहून ठेवलं आहे. पण ठाण्यात हे कलम कोण वाचतं? तिथं फक्त कलम 63 पाठ असतं: सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. त्यात मे 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. कुठल्याही गल्लीतलं दुकानदार पोर एवढं ऐकून घाबरणारच. "रास्त" म्हणजे किती, ते मात्र कायद्यात लिहिलेलं नाही. एक प्रत की दोन? घरातल्या मोबाइलवर आणि शेतावरच्या रेडिओच्या पेन ड्राइव्हवरही चालेल का? स्वतःला येत नसेल तर दुसऱ्याकडून करून घेतलेलं चालेल का? माझ्यासारख्याला कॉम्प्युटर येत नाही म्हणून माझा हक्क संपतो का?

कॉपी होऊ नये म्हणून घातलेल्या डिजिटल कुलपाबद्दलचं कलम 65 ए बघा. मनाई नसलेल्या कारणासाठी कुणाला कुलूप उघडून दिलं, तर मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कारण लिहून ठेवायचं, असं त्यात आहे. कॅसेटला कसलं कुलूप, पण त्या पोराकडे अशी वही होती. कोणाच्या किती कॅसेट, कोणत्या गावचा माणूस, सगळं लिहिलेलं. तीही जप्त झाली, आणि आता त्या वहीतले लोक घाबरून दुकानाच्या बाजूला फिरकत नाहीत.

कंपनीच्या माणसाने मला सल्ला दिला, "काका, अॅप घ्या की, महिन्याचे शंभर-दीडशे भरा." का भरू? एकदा पैसे दिले आहेत. आणि भरायचे थांबवले की अॅपमध्ये डाउनलोड केलेली गाणीही बंद पडतात. माझ्याकडच्या निम्म्या कॅसेटी कुठल्याच अॅपवर नाहीत. आमच्याकडच्या भारूडकरांच्या, गोंधळ्यांच्या, जलशातल्या गायकांच्या कॅसेटी ज्यांनी काढल्या, ती दुकानं बंद झाली. मूळ रेकॉर्डिंगच्या मास्टर फिती कुठे गेल्या कोणाला ठाऊक नाही. ती गाणी आता लोकांच्या कपाटात आहेत, आणि तिथून डिस्कवर आली नाहीत तर संपणार आहेत.

कलावंतांच्या हक्कासाठी हे चाललंय, असं मला सांगू नका. रॉयल्टीचा वाटा गीतकार-संगीतकाराकडून लिहून घेता येणार नाही, असं 2012 मध्ये आपणच कायद्यात घातलं. गायकालाही वाटा ठेवला. आमच्या भागातले गाणारे मला माहीत आहेत. एकदा हातावर पैसे टेकवले, कागदावर सही घेतली, नंतर कोणी विचारलं नाही. म्हातारपणी मानधनासाठी पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवतात. त्यांचा वाटा वसूल करायला कधी जीप आली का? बोगस बियाण्याने सोयाबीन उगवलं नाही, तेव्हा शेतकऱ्याने तक्रार दिली तर कृषी खातं पोलिसांकडे बोट दाखवतं, पोलीस कृषी खात्याकडे. पैसेवाल्या कंपनीचा अर्ज आला की मात्र त्याच दिवशी पंच, त्याच दिवशी पंचनामा, त्याच दिवशी कोठडी. मराठवाड्यात सरकार नाही असं कोण म्हणतं? आहे, पण ते आमच्यासाठी येत नाही, आमच्यावर येतं.

2016 पर्यंत हा विषय मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडे होता, मग उद्योगाकडे दिला. गाणं उद्योगात गेलं, ऐकणारा कुठल्या खात्यात गेला?

आपल्याला जमत नाही असं नाही. लग्नात वाजणाऱ्या गाण्यांसाठी पैसे मागू नका, कलम 52 बघा, अशी जाहीर सूचना आपल्याच विभागाने जुलै 2023 मध्ये काढली होती. तशीच सूचना यासाठी काढा. पैसे देऊन घेतलेल्या कॅसेटची, सीडीची किंवा फाइलची स्वतःच्या वापरासाठी केलेली प्रत गुन्हा नाही, आणि ती करून देणाऱ्या कारागिरावर केवळ तेवढ्यासाठी कारवाई होणार नाही, एवढं त्यात स्वच्छ मराठीत लिहा. जप्ती करताना 15 दिवसांच्या अर्जाची माहिती जागेवरच लेखी द्यायची सक्ती करा. ग्राहकाचा माल आणि दुकानाचा माल पंचनाम्यात वेगळा लिहायला लावा. मुदत गेली तरी मी कोर्टात अर्ज टाकला आहे, खर्च शिलाईतून करतोय. पण तालुक्यात अशी पिशवी दुकानात ठेवून आलेला मी एकटा नाही. सूचना कधी निघणार, ती तारीख मला लेखी कळवा.

आपला,
एक शिंपी,
जिल्हा परभणी