केंद्रीय दूरसंचार मंत्र्यांना नाशिकहून खुलं पत्र: आमच्या पोरांना हॅम रेडिओच्या परीक्षेची तारीख द्या

माननीय मंत्रीसाहेब,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकचा, इंदिरानगरला राहतो, अंबड एमआयडीसीत पॅनल वायरिंगचं काम करतो आणि वीस वर्षांच्या वर झाली, हॅम आहे. हॅम म्हणजे काय ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण पत्र खुलं आहे आणि वाचणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना हॅम म्हटलं की एफएमवरचे आरजे वाटतात, म्हणून दोन ओळीत सांगतो. परीक्षा द्यायची, केंद्र सरकारचा परवाना घ्यायचा, आपला कॉलसाइन, म्हणजे हवेवरची ओळख सांगणारं अक्षर-आकड्यांचं नाव, मिळवायचा आणि मग स्वतःच्या रेडिओ संचावरून, स्वतः बांधलेल्या अँटेनावरून गावात, देशात, जगात कुठंही दुसऱ्या हॅमशी बोलायचं. पैसे कमवायचे नाहीत, गाणी लावायची नाहीत, धंद्याचं बोलायचं नाही. नुसती हौस आणि शिकणं.

दर रविवारी सकाळी माझ्या गच्चीवर पाच-सहा पोरं येतात, सातवी ते दहावीतली. मध्ये एकदा आम्ही टेपचा अँटेना बनवला. सुताराकडे असते ना ती स्टीलची मोजायची टेप, एक इंच रुंदीची, ती कापायची. मागचा तुकडा साधारण १०५ सेंटीमीटर, पुढचा ८९, आणि मधला दोन भागांत, पंचेचाळीस-पंचेचाळीसचा, त्याला केबल जोडायची. हे सगळं पीव्हीसीच्या पाइपवर प्लंबरच्या क्लिपांनी आवळायचं. टेपवरचा पिवळा रंग पॉलिश पेपरने नीट घासून काढायचा नाहीतर सोल्डर धरतच नाही, हे मी दहा वेळा सांगितलं आणि तरी दोघांचं सोल्डर सुटलं आणि मग त्यांनी आपणहून परत घासलं, ते आता आयुष्यात विसरणार नाहीत. खर्च पाचशे रुपयांच्या आत.

त्या आठवड्यात आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून हॅम फ्रिक्वेन्सीवर आवाजाच्या रूपात चित्रं पाठवत होते, १४५.८०० मेगाहर्ट्झवर. सातवीतली एक मुलगी अँटेना हातात धरून उभी होती, पांडवलेण्याच्या डोंगराकडे तोंड करून. मी हँडसेटवर, म्हणजे हातात धरायच्या रेडिओवर, फ्रिक्वेन्सी अगदी थोडी वर ठेवलेली, कारण अवकाश स्थानक आपल्याकडे येत असतं तेव्हा सिग्नल वर सरकतो आणि लांब जायला लागलं की खाली उतरतो, नाशिकरोडला फलाटावर उभं असताना न थांबणारी गाडी हॉर्न देत निघून गेली की आवाज कसा पडतो, तसंच. आणि मग खरखरीतून तो किर्र-किर्र आवाज वर आला. मोबाइल स्पीकरजवळ धरला, ॲपमध्ये एकेक रेघ करत चित्र उमटायला लागलं. एका चित्राला दोन मिनिटं लागतात. मध्येच शेजारचा कुत्रा भुंकला तर चित्रात आडवी रेघ आली. पोरगी हळूहळू वळत होती, पांडवलेण्याकडून डोक्यावर आणि मग चामरलेण्याच्या अंगाला, जवळजवळ दहा मिनिटं, हात भरून आले तरी अँटेना खाली ठेवला नाही. चारशे किलोमीटर वरून आलेलं चित्र, आणि तेही स्वतः कापलेल्या टेपवर.

चित्र संपल्यावर तिने विचारलं, काका, मी कधी बोलणार?

साहेब, हे पत्र त्या प्रश्नासाठी आहे, कारण माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. परवाना नाही तोवर तिला संचावरचं बोलायचं बटण दाबता येत नाही आणि तसंच असायला पाहिजे, नियम मी पहिल्या दिवशीच शिकवतो. वयाची अट १२ वर्षं आहे, ती योग्य आहे. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे सुरुवातीच्या परवान्याला, मोर्स (डॉट-डॅशची सांकेतिक भाषा) लागत नाही, रेडिओचं प्राथमिक ज्ञान आणि नियम एवढंच, हुशार सातवीतलं पोरगं तीन महिन्यांत तयार होतं. फीसुद्धा काही जास्त नाही, वीस वर्षांच्या परवान्याला हजार रुपये. म्हणजे कागदावर सगळं चांगलं आहे. अडतं ते तारखेला. परीक्षा कधी, कुठं, आणि पास झाल्यावर परवाना हातात कधी, हे आम्हाला पोरांना सांगता येत नाही.

एका मुलाचं सांगतो. आठवीत असताना माझ्याकडे आला, वडिलांचं पंचवटीत सायकल दुरुस्तीचं दुकान. त्याला मोर्सची गरज नव्हती तरी नादच लागला, जेवताना ताटावर चमचा वाजवत बसायचा, आईने मला फोन करून तक्रार केली होती. त्याचा अर्ज गेला, मग वाट बघणं सुरू झालं. तारीख आली तेव्हा पोरगं नववी संपवत होतं. पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेसने आम्ही तिघं मुंबईला गेलो, वडिलांनी दिवसभर दुकान बंद ठेवलं. पास झाला. मग पुन्हा कागद, पडताळणी, पुन्हा वाट. अर्ज कुठल्या टेबलावर किती दिवस थांबला ते मी लिहीत नाही, मला त्यातल्या एकाही माणसाला दोष द्यायचा नाही, सगळे सभ्यपणे बोलले. पण व्हीयू३ ने सुरू होणारा, रिस्ट्रिक्टेड ग्रेडवाल्यांना मिळतो तो कॉलसाइन त्याला आला तेव्हा तो अकरावीला पुण्याला हॉस्टेलवर होता, सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, रात्री टेस्ट सिरीज. फोनवर म्हणाला काका मस्त झालं, सुट्टीत येतो. त्याने बनवलेला डायपोल, तारेचा साधा अँटेना, अजून माझ्या गच्चीच्या कठड्याला गुंडाळून ठेवलाय. त्या कॉलसाइनवरून तो आजपर्यंत एकदाही बोललेला नाही.

आपल्याकडे शाळकरी पोराला हौस करायला मिळतात ती वर्षं किती? सहावी ते नववी. दहावीला क्लास लागतात, अकरावी-बारावी नीट नाहीतर जेईई, पुढं गाव सुटतं. त्या तीन-चार वर्षांत परवाना हातात पडला तर तो माणूस आयुष्यभर हॅम राहतो, मध्ये पाच वर्षं संच बंद राहिला तरी पस्तिशीत परत येतो, माझे कितीतरी मित्र असे परत आलेत. पण ती वर्षं वाट बघण्यात गेली तर तो परत यायला मुळात आलेलाच नसतो. सकाळी नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी एका फ्रिक्वेन्सीवर आम्ही हॅम जमतो तिथं, हजेरी होते तेव्हा एकेक ओळखीचा आवाज येतो, साठीचे, सत्तरीचे, कुणाला मधूनच खोकला येतो. दोन आवाज गेल्या वर्षात कायमचे बंद झाले. त्यांच्या जागी नवीन आवाज आले नाहीत. लोक म्हणतात मोबाइल आला, आता रेडिओ कोण करणार. मला ते पटत नाही. मोबाइल हातात असणारीच पोरं माझ्या गच्चीवर येतात, त्यांना एसडीआरचा डोंगल (लॅपटॉपलाच रेडिओ बनवणारी छोटी पट्टी) लावून पडद्यावर सिग्नलचा धबधबा बघायचा असतो, आर्डुइनोचं छोटं प्रोग्रॅमिंगचं बोर्ड जोडायचं असतं. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अवकाश स्थानकावरून आपल्या विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवर बोलले, तेव्हा मला पालकांचेच फोन आले, आमच्या मुलाला हे कसं करता येईल म्हणून. हौस संपलेली नाही.

आणि आपल्या देशाने या हौसेसाठी कमी केलेलं नाही हो. ५ मे २००५ ला इस्रोने कार्टोसॅट-१ बरोबर हॅमसॅट सोडला, खास हॅम लोकांसाठीचा उपग्रह, नऊ वर्षं चालला. माझा स्वतःचा आवाज त्याच्यावरून परत कानात ऐकला तेव्हा मी नवीन होतो, अंगावर काटा आला होता. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी डिझाइन केलेला बिटएक्स संच जगभरातले लोक स्वतःच्या हाताने बांधतात. राजीव गांधी पंतप्रधान होते आणि हॅमही होते. एवढं सगळं असताना नाशिकसारख्या शहरातल्या पोराला परीक्षेची तारीख मिळू नये?

आता सिंहस्थाचं. २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान आहे. आमच्या पिढीच्या नाशिककराला सिंहस्थ म्हटलं की २७ ऑगस्ट २००३ आठवतोच, चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. आमच्या घरातले दोघं त्या दिवशी घाटाकडे होते आणि ते सुखरूप आहेत हे कळायला आम्हाला संध्याकाळ झाली, तोवर आई देवासमोरून उठली नव्हती. आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे पण टॉवर एका वेळी ठराविकच लोकांना जोडून देऊ शकतो, लाखो माणसं एका ठिकाणी आली आणि सगळ्यांनी एकदम फोन लावला की लागत नाही, हे आपण साध्या जत्रेतही बघतो. आमच्या रेडिओला मध्ये टॉवर लागत नाही. एक बोलतो आणि त्या फ्रिक्वेन्सीवरचे सगळे ऐकतात. पोलिसांची वायरलेस यंत्रणा असते आणि मुख्य काम तीच करणार, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण हरवलेली म्हातारी माणसं, एका घाटावर रक्तदाब वाढलेला पेशंट आणि दुसरीकडे मोकळी असलेली रुग्णवाहिका, असल्या शेकडो निरोपांसाठी दुसरी फळी लागते. त्यातून त्र्यंबक डोंगराच्या कुशीत, रामकुंडापासून तीसेक किलोमीटर, पाच वॅटचा हँडसेट तिथून इथं पोचत नाही, एवढ्या अंतराला उंचावर रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल जोर देऊन पुढं पाठवणारा संच, लागतो, त्याची जागा, वीज, परवानगी, चाचणी हे सगळं आधी व्हायला हवं. आणि संच विकत आणता येतात, ऑपरेटर विकत आणता येत नाही. गोंगाटात निरोप कसा घ्यायचा, नाव अक्षर-अक्षर करून कसं सांगायचं, दुसरा बोलत असताना गप्प कसं राहायचं, हे वर्ष-दोन वर्षं रोज बोलून अंगात येतं.

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरला होत्या. त्यांना कुणी आपत्तीसाठी पाठवलं नव्हतं. अंदमानातून जगभरच्या हॅमशी बोलायचं, या हौसेपोटी त्या संच आणि अँटेना घेऊन गेल्या होत्या. फोन बंद पडले आणि त्यांच्या संचावरून निरोप जायला लागले. किल्लारीला १९९३ मध्ये आणि भूजला २००१ मध्ये हॅम पोचले तेही असेच, घरातला संच उचलून, कारण तो घरात होता आणि तो चालवणारा माणूस घरात होता. लोक हॅम रेडिओचं कौतुक नेहमी आपत्तीच्या वेळी करतात, आणि ते ऐकून मला बरंही वाटतं, पण आपत्तीत उपयोगी पडणारा माणूस आधी दहा वर्षं नुसता हौस म्हणून रात्री जागलेला असतो, तेव्हा त्याला कुणी विचारत नाही.

म्हणून मागणी छोटी आहे. नाशिकमध्ये वर्षातून दोनदा परीक्षा घ्या आणि तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करा, म्हणजे पोरांच्या शाळेच्या परीक्षा बघून आम्हाला तयारी करून घेता येईल. हॉलची काळजी करू नका, इथं इंजिनिअरिंग कॉलेजं भरपूर आहेत. माणसं कमी पडत असतील तर जुन्या हॅमना देखरेखीला बसवा, अमेरिकेत १९८० च्या दशकापासून परीक्षा स्वयंसेवक हॅमच घेतात, प्रश्नसंच सगळ्यांसाठी खुला असतो आणि पास झालेल्याला काही दिवसांत कॉलसाइन मिळतो. इथं देखरेख तुमच्याच अधिकाऱ्याची ठेवा, आम्ही फक्त हाताखाली राबू. पास झाल्यावर परवाना किती दिवसांत मिळणार याची मुदत लिहून द्या, साठ दिवस म्हणा, नव्वद म्हणा, पण आकडा द्या. शाळकरी मुलाची पडताळणी शाळेच्या दाखल्यावर होऊ शकेल का, तेही बघा. आणि अभ्यासाचं साहित्य मराठीत काढा, मी पोरांना सगळं इंग्रजी पुस्तकांतून मराठी करून सांगतो, पेठ-सुरगाण्याच्या आश्रमशाळेतल्या पोराला ते कोण सांगणार? तिथं डोंगरात मोबाइलला रेंज मिळायची मारामार, खरं तर रेडिओची गरज त्यालाच जास्त.

अजून एक. २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन वॉकी-टॉकी विक्रीचे नियम कडक केले, ते चांगलं केलं, विनापरवाना संच घेऊन कुणीही कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर बोललं तर विमानतळापासून पोलिसांपर्यंत सगळ्यांना त्रास. पण ज्या पोराला बोलायचंच आहे त्याच्यासाठी सरळ वाट मोकळी असली पाहिजे, नाहीतर तो कुठून तरी दोन हजाराचा संच मिळवणारच आणि त्याला नियम शिकवायला माझ्यासारखा कुणी जवळ नसेल.

त्या सातवीतल्या मुलीला जूनमध्ये १२ वर्षं पूर्ण झाली. त्याच संध्याकाळी ती पेढे आणि पासपोर्ट साइजचे फोटो एकदमच घेऊन आली. फॉर्म आम्ही भरून ठेवलाय, रेग्युलेशनचा भाग तिचा पाठ आहे, ओहमच्या नियमाची गणितं माझ्यापेक्षा भराभर सोडवते. वहीच्या पहिल्या पानावर तिने व्हीयू३ लिहून पुढं तीन अक्षरांची जागा मोकळी सोडलीय. दर रविवारी विचारते, काका, तारीख आली का?

आपला,
इंदिरानगर, नाशिक येथील एक हॅम

ता. क. आमच्यात बोलणं संपवताना ७३ म्हणतात, म्हणजे मनापासून शुभेच्छा. तुम्हालाही ७३.