प्लग ओढला कोणी?

श्रीवर्धन

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज माईने दोनदा वाचून दाखवला. "होमस्टेचा प्लग पुल केला." एवढंच. माई आधी जाऊन विजेचा मीटर बघून आली. मग शेजारच्या वहिनींना विचारलं, त्या शाळेत इंग्रजी शिकवतात. म्हणाल्या, ठरलेलं लग्न नाहीतर मीटिंग मोडली की 'कॉल ऑफ'. 'पुल द प्लग' म्हणजे चालू काम एकदम बंद पाडणं, आणि ते पाडतो ज्याच्या हातात पैसा नाहीतर अधिकार असतो तो. पुढे ढकललंय असा अर्थ त्यात निघत नाही. व्हेंटिलेटर काढण्यालाही हेच म्हणतात, हे ऐकल्यावर माई उठून आत गेली. नानांच्या वेळचं आठवलं असणार. तिच्यापुढे पुन्हा हे बोलू नकोस.

मला इतकंच सांग, ओढला कोणी? तू, बँकेने, की तुझ्या त्या भागीदाराने? बँकेने असेल तर हप्त्याचं काय?

दोन खोल्यांचा जांभा रचून झालाय, नुसती लादी राहिली. काम थांबवणं वाईट, असं मी म्हणत नाही. पण हाती घेतलेलं अर्ध्यावर सोडायची एकदा सवय लागली की माणूस... बघ, लागलो भाषण द्यायला. राग मानू नको.

३ जून २०२० ला निसर्ग वादळाने पोफळी आडव्या केल्या, तेव्हा जो तो म्हणत होता वाडी विकून टाका. तू टाळेबंदीमुळे घरीच होतास. करवत घेऊन पडलेली झाडं तोडलीस आणि त्याच पावसात रोपं लावलीस. धरायला पाच-सात वर्षं जाणार हे ठाऊक असून! विहिरीकडच्या काहींना आता पोय आलीय. येईल त्याला नेऊन दाखवतो.

तर ते पैसे. आकडा मोठा असला तरी सांग. आणि बँकेला अर्ज करशील त्यात 'पुल द प्लग' घालू नको. ते बोलण्यातलं आहे, असं वहिनी म्हणाल्या. काम थांबवतोय, असं सरळ लिही. जामीनदार म्हणून माझी सही आहे, त्यासाठी विचारतोय असं समजू नको. पण ओढला कोणी, ते कळव. गवंडी म्हसळ्याचं काम धरायच्या बेतात आहे, त्याला रविवारच्या आत काहीतरी सांगायला हवं.

तुझा,
बाबा