गल्लीबोळांतला तपास

महोदय,

केइगो हिगाशिनो यांची २००९ सालची ‘न्यूकमर’ ही जपानी कादंबरी नुकतीच इंग्रजी अनुवादातून वाचली. टोकियोच्या निहोनबाशी भागात एकट्या राहणाऱ्या स्त्रीचा खून होतो आणि तिथे नव्याने बदलून आलेला कागा हा पोलीस अधिकारी तांदळाच्या चकत्या, चिनी मातीची भांडी, घड्याळे विकणाऱ्या दुकानांत गप्पा मारत हिंडतो. उकाड्यात रस्त्याने जाणाऱ्या नोकरदारांपैकी कोणाचा कोट अंगात आणि कोणाचा हातात, एवढ्या निरीक्षणावरून तो तपासाचा धागा पकडतो. प्रत्येक प्रकरणात कुणाच्या तरी घरातले गुपित उलगडते (सासू-सुनेची धुसफूसही सुटलेली नाही!), खुनी मात्र दूरच राहतो. पहिल्याच पानापासून थरार हवा असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. शेवटचा उलगडा मात्र मला जरा घाईचा वाटला.

– एक वाचक, सातारा