आम्ही जूनमध्ये परत जातोय

नागपूर
नवतपा

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मी बोलायला लागले की तू मध्येच "पण आई" म्हणतेस आणि माझं अर्धं बोलणं घशातच राहतं. म्हणून लिहून पाठवते आहे. त्रिमूर्तीनगरचं घर भाड्याने दिलं. मिहानमध्ये नोकरी करणारं जोडपं आहे, सोबत त्यांचं लहान पोर. अकरा महिन्यांचा करार झाला. वरची खोली कुलूप लावून आपल्याकडेच ठेवली आहे, तुझी पुस्तकं आणि देवघरातलं पितळी सामान तिथे आहे. आणि आम्ही दोघं जूनच्या पहिल्या आठवड्यात चेन्नईमार्गे अंदमानात पोर्ट ब्लेअरला परत जातोय. आता त्याचं नाव श्री विजयपुरम झालं आहे, पण तिथला भाजीवालासुद्धा पोर्ट ब्लेअरच म्हणतो.

बाबांचं तिथलं कंत्राट संपलं की आम्ही पुण्यात तुझ्या सोसायटीत एखादा फ्लॅट बघू, असं तू मनात धरलं होतंस. मला माहीत आहे. जावईबापूंनी तर पार्किंगचीसुद्धा चौकशी करून ठेवली होती. पण तुझ्या बाबांनी ज्या दिवशी कामाच्या किल्ल्या परत दिल्या, त्याच संध्याकाळी तिथल्या घरमालकाकडे जाऊन भाडं पुढे चालू ठेवायचं सांगून आले. मला विचारलंच नाही. विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं, म्हणून भांडले नाही.

इकडे पारा ४५च्या खाली यायला तयार नाही. कूलरमध्ये दिवसातून दोनदा पाणी ओतावं लागतं. पण हे ऊन मला या खेपेला सोन्यासारखं वाटून राहिलं. गच्चीवर कुरड्या, मुगाचे सांडगे, ज्वारीचे पापड, सगळं वाळवून घेतलं. तिथल्या दमट हवेत पापड वाळत नाही, त्याला मिशा फुटतात. मिठाच्या बरणीत तांदूळ टाकून ठेवले तरी पावसाळ्यात चमच्याने मीठ खणावं लागतं. भाजलेली फल्ली दोन दिवसांत मऊ. बाबांच्या चामड्याच्या पट्ट्याला हिरवी बुरशी आली, तेव्हा त्यांनी कपाटात वायर ओढून एक जुना पिवळा बल्ब लावला. आता रात्रंदिवस कपाटाच्या फटीतून उजेड येतो. पाहुण्यांना वाटतं आत देव आहेत.

येणारे-जाणारे सारखे एकच विचारतात. मंगलाकाकू परवा म्हणाली, "बाप्पा, काहून परत चालल्या? तिथे करता काय तुम्ही दिवसभर?" तिला मी पूर्ण दिवस सांगितला, तुलाही सांगते. कारण तू फोन करतेस रात्री साडेनऊला आणि मग विचारतेस, आई आवाज खोल का गेला, बरं नाही का. अगं, आम्ही झोपलेले असतो.

घड्याळ तिथेही नागपूरचंच. पण अंदमान आपल्यापेक्षा तेरा-चौदा रेखांश पूर्वेला आहे, त्यामुळे सूर्य पाऊण तासाहून जास्त आधी येतो. मे महिन्यात पाचच्या आतच ऊन गच्चीवर. डिसेंबरात संध्याकाळी पाच-सव्वापाचला अंधार पडायला लागतो. सुरुवातीला मला फार उदास व्हायचं. चहाचे कप धुवायच्या आत दिवा लावायची वेळ. मग आम्हीच सरकलो. पाचला बाबा अबर्डीन जेटीच्या बाजूला फिरायला जातात, सहाला माझा स्वयंपाक, साडेअकराला जेवण, संध्याकाळी सातला ताट. इथे आल्यावर सात वाजता भूक लागते आणि लोक तेव्हा चहा घेऊन येतात.

बाजाराचं मात्र आपल्यासारखं नाही. कांदे-आलू मेनलँडवरून जहाजाने येतात. समुद्र खवळला, जहाज लांबलं, की कांद्याचा भाव चढतो आणि दुकानदार आकाशाकडे बोट दाखवतो. ताजी भाजी बरीचशी शहीद द्वीपवरून येते, तेच आधीचं नील बेट. आमच्या चाळीसारख्या त्या लांबट घरात एका बाजूला बंगाली कुटुंब, दुसरीकडे तमिळ, वर राहतात ते रांचीकडचे, त्यांचे आजोबा मजुरीसाठी आलेले. सगळे मिळून जी हिंदी बोलतात ती ऐकायला तू यायलाच पाहिजेस. बाबांनी एका रविवारी सुरमईचा सावजी रस्सा केला, आपली भिवापुरी मिरची घालून. तमिळ शेजाऱ्यांकडे वाटी दिली. तिखट खाणारी माणसं म्हणून त्यांचा फार रुबाब होता. वाटी धुऊन परत आली, सोबत चार नारळ, आणि "थोडं कमी तिखट चालेल" असा निरोप.

नळाला उन्हाळ्यात दिवसाआड पाणी. चारी बाजूंनी समुद्र आणि बादल्या भरून ठेवायच्या, हे काही मला अजून पचलेलं नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस उतरला की तो त्रास संपतो. आता तिथे बरसून राहिलाय, आणि आपल्याकडे यायला त्याला जूनचा मध्य उजाडेल. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, नागपूरच्या अडीच-तीन पट. त्यातला बराच ऑक्टोबर-नोव्हेंबरातही. म्हणून तुझ्या दिवाळीच्या तिकिटांचं मी पुढे लिहिते, आधी हे वाच.

नागपुरात आम्ही दोघंच असं कुठे जायचो? लग्नं, बारशी, दवाखाने. फुटाळा तलावावर आम्ही दोघंच शेवटचे गेलो तेव्हा बहुतेक तू पोटात होतीस. रविवारी तर्री-पोहा यायचा तोही बांधून, कारण बाबांना साइटवर जायची घाई. तिथे रविवारी स्कूटर काढायची आणि निघायचं, एवढंच. मी मागे बसते, मांडीवर डबा.

मला सगळ्यात आवडते ती बांबू फ्लॅट या खाडीपलीकडच्या गावाची फेरी. चाथम जेटीवरून गाड्या नेणारी बोट सुटते. स्कूटर, मालाचे ट्रक, शाळेची पोरं, कोंबड्यांच्या टोपल्या, सगळं एकाच डेकवर. पलीकडे उतरून डोंगर चढायचा. त्याला माउंट हॅरिएट म्हणायचे, २०२१ पासून माउंट मणिपूर. वाटेत एका वळणावर खाली नॉर्थ बेचं दीपगृह आणि माडांची रांग दिसते. ते चित्र तू लहानपणापासून पाहिलं आहेस, जुन्या लाल वीसच्या नोटेच्या पाठीवर. बाबांनी पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून तशी एक नोट काढली, डोळ्यासमोर धरली आणि बराच वेळ जुळवत बसले. माड वाढले म्हणे. हे सांगताना इतके खूश होते की मी डबा उघडायचं विसरले.

चाथमची लाकडाची गिरणीही बघण्यासारखी आहे. १८८३ सालची. आत शिरलं की पडौकच्या लाकडाचा वास, आणि लालसर भुसा पायताणात भरतो. १९४२ मध्ये जपान्यांनी बॉम्ब टाकला त्याचा खड्डा अजून तिथे राखून ठेवला आहे.

चिडिया टापूला सूर्यास्त बघायला जातात. शहरापासून पंचवीसेक किलोमीटर, रस्ता झाडीतून. पाचच्या आत पोचायचं, नाहीतर सूर्य थांबत नाही. एक त्रास, वाळूतल्या बारीक माश्या. दिसत नाहीत, पण पायावर आठवडाभर लाल पुरळ राहतं. खोबरेल लावून जायचं. आणि काही किनाऱ्यांवर मगरीच्या इशाऱ्याच्या पाट्या आहेत. त्या शोभेला नाहीत, पोरांना सांगून ठेव.

जॉली बॉय बेटावर आम्ही वंडूरवरून गेलो. ते १९८३ पासूनच्या सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. प्लॅस्टिकवर तिथे फार कडक नजर. माझी चिवड्याची पिशवी जेटीवरच काढून घेतली आणि मला चिवडा स्टीलच्या डब्यात भरायला लावला. मला राग यायला पाहिजे होता, पण खाली काचेच्या तळाच्या बोटीतून पोवळी बघितल्यावर वाटलं, बरं केलं. वर्षातले काही महिने हे बेट उघडं, काही महिने शेजारचं रेड स्किन, म्हणजे पोवळ्यांनाही विश्रांती.

शहीद द्वीपवर खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिथे जायचं तर ओहोटी बघून. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. बाबा आता दाराच्या मागे त्याचा तक्ता लावून ठेवतात, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी. तू पाठवलेल्या त्या रंगीत वेळापत्रकात "सकाळी दहा, नैसर्गिक पूल" असं आहे ना, ते खोडून टाक. दहाला तिथे कंबरभर पाणीही असू शकतं.

नागपूरहून कोणीही आलं की सेल्युलर जेल पहिलं. जायलाच पाहिजे. १८९६ ते १९०६ बांधकाम चाललं, सात बराकी होत्या, आता तीन उरल्या. सावरकरांची कोठडी बघून आपली माणसं गप्प होतात, मग बाहेर येऊन शहाळं पितात. मी मात्र तिथे जाते ती रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी. बराकी पडल्या त्या आवारातच गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे. रांगेत उभं राहिलं की जुनी भिंत दिसते. पहिल्या दिवशी मला तिथे उभं राहवेना. आता शेजारच्या बाईला गुडघ्याचं तेल सांगत असते.

आता तुझी खरी भीती. सुनामी. तू नाव घेत नाहीस, पण भूकंपाची बातमी आली की तुझा फोन येतो. वंडूरच्या वाटेवर सिप्पीघाट लागतं. २००४च्या त्या भूकंपात तिथली जमीनच खाली बसली आणि शेतांमध्ये खारं पाणी शिरलं. अजून आहे, आम्ही दर वेळी त्याच्या कडेने जातो. रोज दिसतं म्हणून भीती जाते असं काही नाही. पण २००७ पासून हैदराबादहून इशारा देणारं केंद्र चालतं, आणि आमचं घर चढावर आहे. जमीन जोरात हलली की इशाऱ्याची वाट न बघता वर चालायचं, हे शेजारच्या बंगाली मावशीने मला पहिल्याच महिन्यात शिकवलं. वाट दाखवली, कुठल्या घराचं फाटक उघडं असतं तेही सांगितलं.

पुण्याला येणारच नाही असं नाही. गुडघे बोलायला लागले, स्कूटरवर मागे बसवेना, की बघू. तोवर तू तुझ्या फ्लॅटची खोली आमच्यासाठी रिकामी ठेवू नकोस. तिथे पोरांचं टेबल लाव.

तर दिवाळीची तिकिटं रद्द कर, फेब्रुवारीत या. आकाश मोकळं असतं, समुद्र बराच शांत. चार दिवसांत पाच बेटं करू नका, निदान दहा दिवस काढा. स्वराज द्वीपला, म्हणजे आधीच्या हॅवलॉकला, सरकारी बोटीनेच जाऊ, दोन-अडीच तास लागतात, डेकवर उभं राहता येतं. बोट लागत असेल तर आवळा सुपारी माझ्याकडे आहे. येताना कोरडे कपडे जास्त आण, चामड्याची पर्स आणू नकोस. शंख-शिंपले वेचून आणायचं वचन पोरांना देऊ नकोस, ते नेता येत नाहीत.

भाडेकरूंचं पहिलं भाडं तुझ्याच खात्यात येईल, त्यातून घरपट्टी भर. पावती मला पाठव.

तुझी आई

ता. क. बाबा म्हणतात, येताना संत्रा बर्फीचे चार डबे आण. तीन शेजाऱ्यांना. चौथ्याचं विचारलं तर "असू दे" म्हणाले.