बोधवाक्यातून गळलेला गरुड

दादर, मुंबई

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

जुईला सेंट झेवियर्समध्ये प्रवेश मिळाल्याचं वाचून फार आनंद झाला. कॉलेजच्या चिन्हाचा फोटो पाठवून तू विचारलंस, "खाली हे काय लिहिलंय?" तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय, म्हणून फोन न करता पत्रच लिहायला बसलो.

'प्रोव्होकान्स आद व्होलांदुम'. उडायला उद्युक्त करणारा. कोण, कोणाला? ते तिथे नाहीच! मूळ ओळ बायबलच्या लॅटिन भाषांतरातली, 'अनुवाद' या पुस्तकातली: गरुड आपल्या पिल्लांना उडायला उद्युक्त करतो, तसा. बोधवाक्यात गरुडही गळला आणि पिल्लंही. उरलं ते घरट्याबाहेर लोटणं.

मला वाटतं, अशा लॅटिन बोधवाक्यांची खरी ओढ त्या गळलेल्या शब्दांतच आहे. एवढं गाळूनही अर्थ टिकतो तो विभक्तीमुळे. आठवीत आपण 'रामः रामौ रामाः' घोकायचो, आठवतं? लॅटिनचं तसंच. 'कार्पे दिएम' या प्रसिद्ध लॅटिन उक्तीतल्या 'दिएम'च्या (दिवस) शेवटचा म् आपल्या 'रामम्'मधलाच, द्वितीयेचा. शब्द आपलं नातं शेपटीला बांधून फिरतो. मोठ्या वाक्यातून उचकटला तरी पोरका होत नाही. आणि 'कार्पे' म्हणजे खुड, देठावरून फूल खुडतात तसं. आजचा दिवस खुडून घे, उद्यावर होईल तितका कमी विसंब, असं रोमन कवी होरेस सांगतो. त्यातून लोक नुसतं 'मजा करा' एवढंच उचलतात, तेव्हा खरंच वाईट वाटतं रे.

माझं सगळ्यात लाडकं मात्र लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचं: 'नुल्लिउस इन व्हेर्बा'. कोणाच्याही शब्दावर नाही. हीसुद्धा होरेसचीच ओळ. कुठल्याही गुरूच्या शब्दांची शपथ वाहायला मी बांधलेला नाही, असं तो म्हणतो. 1660 साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या बोधवाक्यात गुरू नाही, शपथही नाही. उरलं ते व्रत: स्वतः करून बघ. 1841 मध्ये तिचे पहिले भारतीय फेलो झाले ते आपल्या मुंबईचे अर्देशीर कर्सेटजी वाडिया. जहाजं बांधणाऱ्या घराण्यातला हा माणूस, माझगावच्या स्वतःच्या घरी गॅसचे दिवे लावून बघणारा. त्या तीन शब्दांत तो किती चपखल बसतो बघ!

जुईला अर्थ लगेच सांगू नकोस. आधी विचार, यात कोण कोणाला उडायला लावतंय? ती काय म्हणते ते मला नक्की कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत