सूचना : रविवारी गेटचं वेल्डिंग

सभासदांनो, येत्या रविवारी सकाळी ८ ते १२ अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आपल्या सामाईक गेटचं आर्क वेल्डिंग आहे.

• पेसमेकर असलेल्यांनी तिकडे फिरकूच नये. केबलभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रानं त्यात गडबड होऊ शकते.
• गेटजवळच्या गाळ्यांतले कॉम्प्युटर, डीव्हीआर (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा डबा) बंद करून प्लग काढा.

वेल्डरला सांगायचं ते असं : अर्थ क्लॅम्प (वेल्डिंग मशीनच्या परतीच्या केबलचा चिमटा) जोडाच्या अगदी जवळ, घासलेल्या लोखंडावर लावा. पाण्याच्या पाइपला नको (मागच्या वेळी तेच केलं होतं!). दोन्ही केबली शेजारी-शेजारी ठेवा. हातमोजे कोरडेच हवेत. सोलापूरच्या उन्हात ते घामानं भिजतात आणि आर्क बंद असतानाही होल्डरवर (वेल्डिंगची कांडी धरायच्या मुठीवर) ८० व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. जादा जोडी कार्यालयात ठेवली आहे.