विजेतेपद कोणी दिले, तेही छापा

संपादक महोदय,

अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या बातम्यांत ‘अलाबामा, १८ वेळा राष्ट्रीय विजेता’ असे सरसकट लिहिले जाते. हा आकडा विद्यापीठाचा स्वतःचा दावा आहे. सर्वोच्च विभागाचे विजेतेपद एनसीएए ही नियामक संस्था देतच नाही. पत्रकार, प्रशिक्षक आणि गणिती सूत्रे यांनी कोणाला निवडले, एवढेच तिच्या विक्रमपुस्तिकेत असते. त्यातून सोयीची निवड उचलायला विद्यापीठे मोकळी.

१९४१चेच पाहा. अलाबामा त्या मोसमात दोन सामने हरला. असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांच्या मतदानात तो विसावा होता, तर आठही सामने जिंकणारा मिनेसोटा पहिला. पण हूलगेट नावाच्या एका गणिती क्रमवारीने अलाबामाला वर ठेवले होते. तेवढ्या आधारावर विद्यापीठाने १९८०च्या दशकात ते वर्ष आपल्या यादीत घातले. चाळीस वर्षांनी वाढलेले असे विजेतेपद क्रीडा पानाने निमूट स्वीकारणे बरोबर नाही.

मतदान कधी झाले, यावरही बरेच अवलंबून असते. मोसमाअखेरचे बाउल सामने पूर्वी निमंत्रितांचे प्रदर्शनी सामने मानत, म्हणून अंतिम मतदान त्याआधीच उरकत. १९६४मध्ये एपी आणि प्रशिक्षक, दोघांनीही अलाबामाला निवडले. मग ऑरेंज बाउलमध्ये टेक्सासने त्याला २१-१७ हरवले. त्याच टेक्सासला मोसमात हरवणारा आर्कान्सॉ मात्र अकराही सामने जिंकून दुसराच राहिला! एपीने १९६८पासून मतदान कायमचे बाउलनंतर नेले. प्रशिक्षक अडून बसले. १९७३मध्ये त्यांचा विजेता अलाबामा शुगर बाउलमध्ये नॉटर डेमकडून २४-२३ हरला, तेव्हा कुठे पुढच्या मोसमापासून त्यांनीही वेळ बदलली.

संगणक आल्यावरही वाद मिटला नाही. २००३मध्ये दोन्ही मतदानांत पहिला असलेला सदर्न कॅलिफोर्निया बीसीएसच्या (मतदान आणि संगणकी क्रमवारी एकत्र करून अंतिम सामन्याचे दोन संघ ठरवणाऱ्या पद्धतीच्या) सूत्रात तिसरा ठरला आणि अंतिम सामन्याला मुकला. त्या सामन्यात लुईझियाना स्टेट जिंकला. प्रशिक्षकांवर त्याच विजेत्याला मत देण्याचे बंधन होते, एपीने सदर्न कॅलिफोर्नियाला निवडले. एका मोसमाचे दोन विजेते.

म्हणून आकड्याशेजारी निवडकर्त्याचे नाव आणि मतदान बाउलआधीचे की नंतरचे, एवढे तरी कंसात द्यावे. १९३६पूर्वीच्या दाव्यांना तर ते हवेच, कारण एपीचे सलग मतदान त्या वर्षी सुरू झाले आणि त्याआधीची कित्येक विजेतेपदे पुढे अनेक वर्षांनी मागील निकाल पाहून वाटलेली आहेत.

– एक वाचक, पुणे